गाण्यासाठी भिशी

गाणं ऐकायला गाव सोडावं लागतं, ही गोष्ट आपल्या लातूर-नांदेडकडच्या माणसाला नवी नाही. तसं आपल्याकडे गाणं होत नाही असं नाही. नांदेडला शंकर दरबार होतो, अंबाजोगाईला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात चांगले गवई, वादक येऊन जातात. पण ज्याला गाण्याचं वेड लागलं त्याची तहान एवढ्यावर भागत नाही. मग डिसेंबर आला की तो पुण्याची वाट धरतो. लातूरपासून साडेतीनशे किलोमीटर, नांदेडपासून साडेचारशे. जाण्यायेण्याचं भाडं, राहणं, खाणं, तिकीट आणि बुडणारी रजा, हे सगळं जमेला धरलं तर गाणं हा श्रीमंतांचा शौक वाटू लागतो. तो तसा राहू नये म्हणून आमच्या मंडळींनी काय केलं आणि पुढे तीच युक्ती आमच्या घरातल्या मुलांनी थेट अबुधाबीला कशी नेली, ते आज सांगणार आहे.

मी लातूरच्या एका शाळेत गणित शिकवत होते. आता निवृत्त आहे. १९८६ साली पहिल्यांदा सवाई गंधर्व महोत्सवाला गेले. हा महोत्सव पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केला, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्या वेळी लातूरहून बार्शी लाइटची छोटी गाडी होती. ती कुर्डूवाडीपर्यंत नेऊन सोडायची. तिथे फलाटावर बसून मोठ्या गाडीची वाट पाहायची, नाहीतर सरळ एसटी धरायची. रुंद मार्गाची गाडी लातूरहून पुण्या-मुंबईकडे धावू लागली ती २००८ च्या सुमारास.

पण मंडळी, एक गंमत सांगते. तेव्हा प्रवास खडतर होता, तरी सवाई आजच्यापेक्षा स्वस्त पडायचं. कारण बैठक रात्रभर चालायची. रात्र मंडपात जायची, त्यामुळे मुक्कामाचा खर्चच नव्हता. सकाळी सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लागली की महोत्सव संपला. डोळे चोळत चहा प्यायचा आणि स्टँड गाठायचा. भारतीय बैठकीचं तिकीट, एक सतरंजी, एक शाल आणि डब्यात धपाटे, एवढ्यावर काम भागायचं. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आलं आणि रात्रभराच्या बैठका हळूहळू गेल्या. नियम योग्यच आहे. मंडपाशेजारी राहणाऱ्या आजाऱ्याला आणि परीक्षेच्या मुलाला झोप हवीच. पण बाहेरगावच्या रसिकाला त्याचा अर्थ असा झाला, की रात्री दहा वाजता गाणं संपल्यावर आता पाठ टेकायची कुठे? म्हणजे लॉज आला आणि लॉज आला की खर्च दुप्पट झाला.

तेव्हा आमच्यातल्या एका वारकरी घरातल्या काकांनी तोड काढली. ते म्हणाले, 'बाई, पंढरीला इतकी माणसं पायी जातात, ती काय सगळी पैसेवाली आहेत? दिंडीला भिशी भरतात आणि निर्धास्त चालतात.' वारीतल्या भिशीचा अर्थ आपल्या श्रोत्यांना सांगायला नको. ठरलेली रक्कम दिंडीकडे भरायची. मग वाटेतलं जेवण, तंबू, सामानाचा ट्रक, सगळं दिंडी पाहते. आणि बायकांची घरगुती भिशीही आपल्याला माहीत आहे. दर महिन्याला सगळ्यांनी सारखी रक्कम काढायची आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला सगळी रक्कम द्यायची. आम्ही या दोन्ही भिशींचा मेळ घातला. लातूरचे पाच, नांदेडचे तीन, अशी आठ माणसं. त्यांत एक शिंपी, एक पोस्टातून निवृत्त झालेले, दोन शिक्षिका, एक किराणा दुकानदार, एक कीर्तनकार, ते काका आणि मी. हिशेबाची वही माझ्याकडे.

या वहीचे तीन नियम आहेत. पहिला, पैसा कुठे गेला ते प्रत्येकाला दिसलं पाहिजे. चहाचे दहा रुपयेसुद्धा लिहायचे. दुसरा, मुक्काम आणि जेवण सगळ्यांचं एकच. ज्याच्याकडे जास्त पैसे आहेत त्याने वेगळ्या हॉटेलात उतरायचं नाही, कारण एकाने तसं केलं की दुसऱ्याला आपली खोली लहान वाटू लागते. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. ज्याची अडचण असेल त्याला चिठ्ठी न टाकता आधी रक्कम द्यायची आणि कारण विचारायचं नाही. आमच्या शिंपीदादांच्या घरी एका वर्षी दुखणं निघालं, तेव्हा त्यांना आम्ही असंच पुण्याला नेलं. उरलेले हप्ते त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात लग्नसराईच्या शिलाईतून फेडले. करोनामुळे २०२० आणि २०२१ साली महोत्सव झाला नाही, तेव्हा वहीतली ती पानं कोरी राहिली. पण हप्ते चालू होते आणि त्या पैशाने दोन घरांना औषधपाण्याला हात दिला.

आता अबुधाबीकडे वळते. कोल्डप्ले नावाचा इंग्लंडचा एक बँड आहे. १९९७ च्या सुमारास लंडनमध्ये जमलेली ही चार मुलं आता पन्नाशीला टेकली आहेत आणि जगभर त्यांची गाणी तरुण मुलांना तोंडपाठ आहेत. नांदेडला राहणारी माझी भाची त्यांतलीच. ती एका दवाखान्यात हिशेबाचं काम करते. २२ सप्टेंबर २०२४, रविवार. त्या दिवशी दुपारी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं इंटरनेटवर सुटणार होती. भाची, तिची उदगीरची मैत्रीण, नांदेडचा एक मित्र आणि लातूरचा एक, असे चौघं चार मोबाइल घेऊन बसले होते. रांगेतला क्रमांक लाखांत होता. तो हळूहळू सरकत राहिला आणि बघता बघता तिकिटं संपली. पुढच्या काही दिवसांत तीच तिकिटं काळ्या बाजारात कितीतरी पटींनी विकायला आल्याच्या बातम्या आपण वाचल्या. ऑक्टोबरात सक्तवसुली संचालनालयाने त्या प्रकरणी ठिकठिकाणी झडत्याही घेतल्या.

मुलांनी काळ्या बाजारातलं तिकीट घ्यायचं नाही असं ठरवलं, याचं मला फार बरं वाटलं. त्याच सुमारास त्यांना कळलं, की हाच बँड जानेवारीत आधी अबुधाबीला चार दिवस गाणार आहे. तारखा होत्या ९, ११, १२ आणि १४. तिथलं सर्वांत स्वस्त तिकीट १९५ दिरहमचं, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेचार हजार रुपयांच्या आसपास. मुंबईच्या तिकिटासाठी काळ्या बाजारात जे मागत होते त्यापेक्षा हे कितीतरी कमी. भाचीचा मला फोन आला, 'आत्या, तुम्ही सवाईला कसं जाता तसं आम्हाला अबुधाबीला जायचंय. वही काढ.'

माझा भाऊ दुसऱ्या बाजूने फोन ओढून म्हणाला, 'ताई, तू तरी समजाव. गाणं ऐकायला कुणी विमानाने जातं का?' मी म्हटलं, 'अरे, आम्ही १९८६ साली कुर्डूवाडीच्या फलाटावर रात्र काढली, तेव्हा आपले आप्पाही हेच म्हणाले होते. आधी हिशेब मांडू दे, मग हो किंवा नाही म्हण.' आणि यात नवल वाटण्यासारखंही काही नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये टेलर स्विफ्ट ही अमेरिकन गायिका सिंगापूरला सहा दिवस गायली, तेव्हा आपल्या देशातूनही मुलं तिकडे गेली होती. खुद्द अमेरिकेतले चाहते तिला ऐकायला युरोपात जात होते, कारण तिकडचं तिकीट घरच्यापेक्षा स्वस्त मिळत होतं. म्हणजे तिकिटाचा आणि प्रवासाचा हिशेब एकत्र मांडून पाहणारी माणसं जगभर आहेत.

मग आम्ही हिशेब मांडला. पहिला प्रश्न होता विमान कुठून धरायचं. आपल्याकडे परदेश म्हटलं की मुंबई डोळ्यांपुढे येते. पण नकाशा उघडून पाहा. नांदेडहून मुंबई रेल्वेने सहाशे किलोमीटरच्या घरात आणि हैदराबाद पावणेतीनशे-तीनशेवर. उदगीर तर बिदरच्या वाटेवरच आहे. नांदेडचं विमानतळ आहे खरं, पण तिथली सेवा कधी सुरू, कधी बंद, असंच आपण पाहत आलोय. तिच्या भरवशावर परदेशी विमानाची वेळ बांधता येत नाही. हैदराबादहून आखाती देशांकडे थेट विमानं जातात आणि सिकंदराबादहून शमशाबादच्या विमानतळापर्यंत तेलंगणाच्या परिवहन मंडळाची पुष्पक नावाची बस आहे. मुंबईची टॅक्सी, मुंबईचा मुक्काम, सगळं वाचलं.

दुसरा प्रश्न तारखेचा. ११ आणि १२ हे शनिवार-रविवार. त्या दिवशी विमानही महाग आणि हॉटेलही. १४ तारखेला मकर संक्रांत. माझ्या भावजयीने एकच अट घातली होती, भोगीच्या आत मुलगी घरी हवी. म्हणून ९ जानेवारी, गुरुवार ठरला. ८ ला जायचं, ११ ला परत यायचं. अट पाळली गेली आणि भाडंही कमी लागलं.

तिसरा प्रश्न कागदपत्रांचा. चौघांपैकी दोघांकडे पासपोर्ट नव्हता. पूर्वी त्यासाठी मोठ्या शहराची वारी करावी लागे. आता लातूर आणि नांदेड दोन्हीकडे पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. त्या वेळी साध्या पासपोर्टची फी पंधराशे रुपये होती. अर्जावरचं नाव आणि आधार, दहावीचं प्रमाणपत्र यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, एवढं मात्र पाहावं. ज्यांच्याकडे जुना पासपोर्ट होता त्यांची मुदत प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने शिल्लक आहे ना, तेही तपासलं. व्हिसासाठी परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पुरावा तयार ठेवला.

एका प्रवासी कंपनीने विमान, हॉटेल, व्हिसा असं सगळं एका पॅकेजात देऊ केलं होतं. ते सोपं होतं. पण पॅकेज घेतलं की तेव्हाच्या नियमाने पाच टक्के कर आधीच कापला जात होता. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो हे खरं. तरी ज्याच्या हातात आज पैसे नाहीत त्याला पुढच्या वर्षी परत मिळणाऱ्या पैशाचा काय उपयोग? म्हणून सगळं सुटं घेतलं. आणखी एक गोष्ट मी गणिताच्या बाईच्या हौसेने मुलांना समजावली. दिरहम १९९७ पासून डॉलरला एका ठरलेल्या दराने बांधलेला आहे. म्हणजे डॉलर महागला की दिरहमही आपल्याला महाग पडतो. म्हणून हॉटेलचे पैसे, गाण्याचं तिकीट, सगळं आधीच भरून टाकलं, उगाच भाव उतरण्याची वाट पाहिली नाही.

वहीतला आकडा सांगते. माणशी गाण्याचं तिकीट ४,६००. विमानाचं जाण्यायेण्याचं २१,५००. व्हिसा आणि विमा मिळून ७,४००. मुलींची एक खोली, मुलांची एक खोली, तीन रात्री, माणशी ४,८००. तिकडचं खाणं आणि बस ५,०००. हैदराबादपर्यंतची रेल्वे आणि बस ९००. आणि अडीअडचणीला ३,०००. एकूण ४७,२०० रुपये. पासपोर्टचा खर्च ज्याचा त्याने. रक्कम लहान नाही. पण निदान ती आता डोळ्यांपुढे होती आणि कुठे एक रुपया वाचवता येईल तेही दिसत होतं.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग लातूरच्या मुलाने निरोप पाठवला, 'मी येत नाही. मला गर्दी आवडत नाही.' त्याच्या वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे आणि तोही तिथेच काम करतो. ज्या मुलाच्या मोबाइलवर या बँडची शंभर गाणी, त्याला गर्दी आवडत नाही? आम्ही काय समजायचं ते समजलो. भाची म्हणाली, 'आत्या, तो नसेल तर आम्हीही नाही जात. नाहीतर आम्ही तिघं मिळून त्याचे भरतो.' मी म्हटलं, 'तसं भरू नका. तिघांनी एकाचे भरले की तो तुमचा मित्र राहत नाही, ऋणको होतो.'

म्हणून मी सवाईच्या मंडळींची बैठक बोलावली. प्रस्ताव असा होता. या चौघांना आपल्या भिशीत घ्यायचं. म्हणजे आठाचे बारा झाले. दरमहा प्रत्येकी तीन हजार, म्हणजे महिन्याला छत्तीस हजार जमतील. ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांच्या रकमा या चौघांना द्यायच्या. ऑक्टोबरची पहिली रक्कम गॅरेजवाल्या मुलाला, चिठ्ठी न टाकता. फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत आपण आठ जण घेऊ.

दुकानदारांनी लगेच विचारलं, आणि त्यांनी विचारलं ते बरंच झालं, 'पोरं पैसे उचलून मोकळी होतील. फेब्रुवारीनंतर हप्ता बंद केला तर आपण कुणाच्या दारात जायचं?' भिशीतला खरा धोका हाच असतो. आधी उचलणाऱ्याने पुढे तोंड फिरवलं की शेवटचा माणूस बुडतो. मी हिशेब मांडला. पोरांनी पाचवा हप्ता भरलाच नाही, तर आपल्या आठ जणांचं शहाण्णव हजारांचं नुकसान. चौघांचे आठ-आठ हप्ते, प्रत्येकी चोवीस हजार. हा आकडा ऐकून सगळे गप्प झाले. शेवटी शिंपीदादा म्हणाले, 'माझ्या वेळी कारण विचारलं नव्हतं. आता मी कसं विचारू? माझी रक्कम सगळ्यांत शेवटी, सप्टेंबरात द्या. बुडाली तर माझी बुडेल.' त्यांनी असं म्हटल्यावर पुढे कोण बोलणार? मग दुकानदारांनी ऑगस्टचा महिना मागून घेतला.

गॅरेजवाला मुलगा ऑक्टोबरच्या पाच तारखेला माझ्याकडे आला. छत्तीस हजारांची पाकिटं मोजून घेतली, त्यातलंच स्वतःचं तीन हजारांचं पाकीट वेगळं करून मला दाखवलं आणि वहीत सही केली. वरचे अकरा हजार दोनशे त्याने दिवाळीपर्यंत गॅरेजमध्ये रात्री जास्तीचं काम करून जमवले. विमानाची तिकिटं निघाली.

नोव्हेंबरात एक घोळ झाला. त्याच बँडने अहमदाबादचे कार्यक्रम जाहीर केले, २५ आणि २६ जानेवारी. शिवाय भारतातल्या कार्यक्रमांसाठी दोन हजार रुपयांची काही तिकिटं मागाहून सोडली. जोडीने घ्यायची आणि जागा कुठली ते त्या दिवशीच कळणार. मुलं क्षणभर हिरमुसली. अहमदाबाद नक्कीच स्वस्त पडलं असतं आणि पश्चिम रेल्वेने पुढे मुंबईहून जादा गाड्याही सोडल्या. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं. मोठे कलाकार मागाहून कार्यक्रम वाढवतात आणि स्वस्त तिकिटंही उशिरा सोडतात. ज्याला थांबणं परवडतं त्याने थांबावं. आमची तिकिटं निघाली होती, परत दिली असती तर बरीचशी रक्कम कापली गेली असती, म्हणून विषय तिथेच मिटवला.

निघायच्या आदल्या आठवड्यात भावजयीने शिदोरीचा बेत केला. संक्रांतीचे दिवस, म्हणून गुळाच्या पोळ्या. टिकतात आणि पोटभर होतात. पोळीच्या सारणात आपण तिळाबरोबर खसखस घालतो. आणि श्रोतेहो, संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून तिकडे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. आपल्या स्वयंपाकघरातली साधी वस्तू, पण तिकडच्या विमानतळावर ती अंगाशी येऊ शकते. काही खोकल्याच्या आणि दुखण्यावरच्या औषधांचंही तसंच आहे, त्यांना आधी परवानगी लागते. म्हणून पोळ्या बिनखसखशीच्या केल्या आणि औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह दिली. आखातात जाणाऱ्या प्रत्येकाने घरच्यांना हे सांगावं.

नांदेडचे दोघं रात्रीच्या गाडीने निघाले आणि सकाळी काचीगुड्याला उतरले. उदगीरची मुलगी आणि लातूरचा मुलगा बिदरकडून आले. गाड्या दोन होत्या, पण भेटायची जागा आणि वेळ एकच ठरली होती, सिकंदराबाद स्टेशन. वारीतही असंच असतं. चालताना कुणी पुढे, कुणी मागे, पण मुक्काम सगळ्यांना ठाऊक असतो.

गाण्याबद्दल मी काय सांगणार? मी घरी होते. भाचीने सांगितलं ते एवढंच, की स्टेडियममध्ये शिरताना प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टी बांधतात. अंधार पडला की हजारो पट्ट्या एकाच वेळी गाण्याच्या तालावर उजळतात. कार्यक्रम संपल्यावर त्या परत करायच्या असतात, म्हणजे पुढच्या गावी वापरता येतात. रांगेत त्यांच्या पुढे केरळच्या दोन नर्सबाई होत्या. अनेक वर्षं तिकडे नोकरी करतात आणि रात्रपाळी बदलून आल्या होत्या. मुलांनी त्यांना गुळाची पोळी दिली. परत जाताना त्या बायकांनीच कुठली बस स्वस्त ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोरं पंचवीस दिरहमच्या बसने दुबई पाहून आली. लातूरच्या मुलाने भाचीला म्हटलं म्हणे, 'गर्दी खरंच खूप होती.' आणि सगळे हसले.

११ तारखेला ती हैदराबादला उतरली. भोगीच्या आदल्या दिवशी मुलगी घरी पोचली. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या बारा हजारांपैकी नऊ हजार चारशे शिल्लक राहिले, ते चौघांना सारखे वाटले आणि वहीत लिहिलं.

पण खरी परीक्षा त्यानंतरच होती. गाणं ऐकून झालं, फोटो दाखवून झाले. आता हप्त्याचं स्मरण राहतं का? फेब्रुवारीची पाच तारीख आली. उदगीरहून पैसे मोबाइलवर आले. नांदेडचे दोघांचे आले. लातूरचा मुलगा संध्याकाळी स्वतः आला, हाताला ग्रीस लागलेलं, दाराबाहेरूनच पाकीट देऊन गेला. मार्च, एप्रिल, मे, असं चाललं. जुलैत पावसाने गॅरेज मंदावलं तेव्हा त्याने दोनदा मिळून हप्ता दिला, पण त्याच महिन्यात दिला. सप्टेंबरात शिंपीदादांच्या हातात पूर्ण छत्तीस हजार पडले. त्यांनी ते मोजले नाहीत. दुकानदार म्हणाले, 'मोजा हो, नियम आहे.' तेव्हा मोजले.

आता कुणी म्हणेल, छत्तीस हजारांत काय काय झालं असतं. घराला रंग झाला असता, एखादं कर्ज फिटलं असतं. झालंच असतं. पण श्रोतेहो, आपल्याकडे दुष्काळातही वारी थांबत नाही. शेतात काही नसलं तरी माणूस चालायला निघतो, कारण वर्षभर ज्याच्यावर जगायचं ते धान्याच्या पोत्यात मावत नाही. या मुलांनी कर्ज काढलं नाही, काळ्या बाजाराला हात लावला नाही, घरच्यांपासून काही लपवलं नाही आणि चौथ्या मित्राला मागे ठेवलं नाही. त्यांचं गाणं मला कळत नाही. पण त्यांनी ते ज्या रीतीने मिळवलं ती रीत मला ओळखीची आहे.

२०२५ च्या डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो तेव्हा काकांचे गुडघे दुखत होते. भारतीय बैठक त्यांना जमणार नव्हती आणि खुर्चीचं तिकीट महाग. दुसरा नियम मोडायचा नाही म्हणून ते घरीच राहतो म्हणाले. मुलांनी भिशीत विषय काढला आणि खुर्चीचा जादा खर्च बारा जणांत विभागला, माणशी काही फार आला नाही. लातूरचा मुलगा त्यांचा हात धरून मंडपात घेऊन गेला आणि शेजारी खाली सतरंजीवर बसला. पहिला तास तो मोबाइल पाहत होता. नंतर पाहत नव्हता.

आपल्या गावात, आपल्या गल्लीत अशी चार-सहा माणसं जमत असतील तर जरूर सुरू करा. रक्कम लहान ठेवा, वही उघडी ठेवा आणि अडलेल्याला आधी द्या. आमची भिशी दर महिन्याच्या पाच तारखेला असते.